आधी जुना पार्ट दाखवा!

वीकएंडला लोक काय काय करतात? मॉलमध्ये जातात, ट्रेकला जातात, नव्या कॅफेत बसून कॉफीचे फोटो काढतात. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण पॉटरी शिकते, दुसरी साल्सा. आणि मी? मी एका बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या गाडीच्या टेललाइटची डाव्या बाजूची लाल काच शोधत फिरते. डाव्याच बाजूची. उजव्या आहेत माझ्याकडे. एक नाही, दोन!

हसताय ना? हसा. सुरुवातीला आमच्या घरातलेही हसले होते. पण जुन्या गाडीचे पार्ट शोधणं हा असा काही नाद आहे की एकदा लागला की शनिवार-रविवार कुठे जातात ते कळत नाही. आणि त्यात भेटणारी माणसं? त्यांच्यापुढे कुठलाही मॉल फिका.

तर गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, १९८२ सालची, रंग फिकट निळा. आणि ती बाबांची नाही, आईची आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पार्ट विकणारे दहातले नऊजण पहिल्यांदा हेच विचारतात, "वडिलांची गाडी का?" नाहीतर, "मिस्टर कुठेयत?" मिस्टर अजून नाहीत, आणि बाबांनी आयुष्यात लूनाच्या पुढे काही चालवलं नाही. आमच्या घरातली ड्रायव्हर आईच. ती कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवायची. १९९१ मध्ये तिने शेजारच्या डॉक्टरांकडून ही गाडी सेकंडहँड घेतली, स्वतःच्या पीएफमधून कर्ज काढून. त्या काळी बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर सिग्नलला लोक वळून बघायचे. आई बघणाऱ्यांकडे बघायची नाही. ती पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट बघायची.

२०२२ मध्ये गाडीच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात गाडी बसली. ब्रेकचं पेडल दाबलं की थेट तळाला. मग कव्हर, कव्हरवर पानं, पानांवर मांजर. दीड वर्षाने सोसायटीची नोटीस आली : 'बंद अवस्थेतील वाहने हलवावीत.' भंगारवाला येऊन आकडाही सांगून गेला. मी आईला म्हटलं, आपण ती छान रंगवून ठेवू या ना, आठवण म्हणून. आई म्हणाली, "चालणार असेल तर ठेव. नाहीतर देऊन टाक. मला शोकेस नको."

झालं. विषय सुरू!

गाडीची कुंडली

पार्ट शोधायचा तर गाडीची कुंडली माहीत हवी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांची कंपनी. स्थापना १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार करून पन्नासच्या दशकात त्यांनी फियाट अकराशे बनवायला घेतली. त्यातली गोलमटोल, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडी असलेली 'डुक्कर फियाट'. १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची 'डिलाइट' आली. पुढे फियाटचं नाव गेलं, काही काळ 'प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नाव बदललं, ग्रिल बदललं, पण इंजिन तेच १०८९ सीसीचं आणि गिअर तसाच स्टिअरिंगच्या दांड्याला. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं.

याचा तुम्हा-आम्हाला उपयोग काय? तर डिलाइटचा बराचसा माल पद्मिनीला चालतो. बराचसा, सगळा नाही! शेवटच्या काळातल्या एस-वन मॉडेलला गिअर खाली आला, त्यामुळे तिथलं सामान आमच्या कामाचं नाही. आणि कोणी म्हणालं, "ॲम्बेसेडरचा नट बसवून देतो," तर नमस्कार करून निघा. ॲम्बेसेडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंची मापाचे. फियाट इटालियन, तिचे आटे मेट्रिक. जबरदस्तीने फिरवलेला नट फिरतो खरा, पण जाताना समोरचे आटे घेऊन जातो.

पूर्वी एवढी यातायात करावी लागत नसे. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या दुकानांत फियाटचा माल मिळायचा. त्यामागे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या. हजारो टॅक्स्या रोज धावायच्या, रोज काहीतरी झिजायचं, म्हणून कोणीतरी ते बनवायचं आणि कोणीतरी विकायचं. मग २००८ मध्ये राज्य सरकारने टॅक्सीचं वय २५ वर्षांवर आणलं आणि २०१३ मध्ये २० वर. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची वीस वर्षं भरली आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. पेपरांत फोटो आले, लोक हळवे झाले. पण टॅक्स्यांबरोबर गिऱ्हाईक गेलं आणि गिऱ्हाइकाबरोबर माल, हे कोणाच्या लक्षात आलं?

नाना पेठेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "फियाटचा मास्टर सिलिंडर हवाय." त्याने अगदी आत्मविश्वासाने विचारलं, "पुंटो ना, मॅडम?"

थोडक्यात काय, तर आता हा माल दुकानात कमी आणि लोकांच्या घरात जास्त. माळ्यावर, गॅलरीत, पलंगाखाली. ही माणसं व्यापारी नाहीत. कुणी निवृत्त, कुणी नोकरदार, कुणाची स्वतःची जुनी गाडी आहे, कुणाची होती. सगळ्यांचा पत्ता एकच : 'त्यांना विचारा, त्यांच्याकडे असेल.'

डोंबिवलीचे काका

असंच विचारत विचारत मला डोंबिवलीच्या काकांचा नंबर मिळाला. बँकेतून निवृत्त. आमचं पहिलं संभाषण जसंच्या तसं देते :

"काका, तुमच्याकडे पद्मिनीचा मास्टर सिलिंडर आहे असं कळलं."

"कोणत्या सालची गाडी?"

"ब्याऐंशी."

"गिअर वर की खाली?"

"वर. स्टिअरिंगला."

"जुना पार्ट आहे?"

"आहे, पण तो पार खराब..."

"खराबच असणार. चांगला असता तर फोन कशाला केला असता? घेऊन या. आधी जुना पार्ट दाखवा, मग बोलू."

फोन बंद. किंमत नाही, पत्ता नाही. पत्ता तासाभराने मेसेजवर आला, खाली सूचना : 'जेवणाच्या वेळी येऊ नये.'

दोन खोल्यांचं घर. काकूंनी पोहे दिले आणि काका शिडी लावून माळ्यावर गेले. वर बिस्किटांचे पत्र्याचे डबे, ओळीने. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात : 'सीबी पॉइंट', 'व्हील सिलिंडर, पुढचे', 'दार हँडल, आतले'. एक लांब वही. कोणता पार्ट कधी, कुठून, कितीला घेतला आणि कुणाला दिला. नव्वदच्या दशकात दुकानं बंद व्हायला लागली तेव्हा काकांनी स्वतःच्या डिलाइटसाठी थोडा माल घेऊन ठेवला होता. मग आणखी थोडा. मग डिलाइट विकली गेली, माल राहिला.

काकांनी एक खोकं खाली आणलं. कंपनीचं, सील न तोडलेलं! आत तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा करकरीत मास्टर सिलिंडर. माझे तर डोळेच चमकले. मी पर्स उघडली.

"चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

"आई."

"वय?"

"एकोणसत्तर."

काकांनी सिलिंडर माझ्या हातातून घेतला आणि परत टेबलावर ठेवला. "मग असा नाही देणार."

मला वाटलं, आता बायकांच्या ड्रायव्हिंगवर भाषण येणार. पण काकांनी पक्कड घेतली, सर्कल काढली आणि आतला पिस्टन बाहेर ओढला. त्यावरचा रबराचा कप त्यांनी नखाने दाबला. कडक! जुनं खोडरबर कसं होतं तसा. दुसऱ्यांदा दाबल्यावर कडेला बारीक चीर पडली.

"डबा बंद म्हणजे माल ताजा, हे बिस्किटांचं गणित आहे," काका म्हणाले. "रबर डब्यात बसूनसुद्धा म्हातारं होतं. हा पार्ट तुम्ही असाच लावला असता तर गॅरेजमध्ये पेडल छान लागलं असतं. आणि मग एखाद दिवशी उतारावर..."

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

त्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की या सिलिंडरातून तेल चाकांकडे जातं आणि ते तेल धरून ठेवायचं काम असतं दोन-चार रबरांचं. जुन्या सिलिंडरात अजून एक भानगड होते. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आतल्या गुळगुळीत नळीला गंजाचे खड्डे पडतात. खड्डे पडले की नवं रबरही टिकत नाही. मग लेथवर नळी मोठी करून आत स्लीव्ह बसवावी लागते. माझा जुना सिलिंडर काकांनी बॅटरीच्या उजेडात बघितला आणि नुसती मान हलवली. त्यांच्या सिलिंडरची नळी मात्र आरशासारखी होती. म्हणजे बाहेरचा भाग त्यांचा, आतली सगळी रबरं नवी, आणि ती कुठल्या मापाची घ्यायची हे एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

किंमत तीन हजार दोनशे. मी पुणेकर, सवयीने म्हटलं, "तीन हजार करा ना काका."

काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्यांनी तो सिलिंडर कितीला घेतला होता तो आकडा तिथे होता. मी गप तीन हजार दोनशे मोजले. काकूंनी निघताना लिंबाचं लोणचं दिलं. त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत!

चाचा आणि ताई

काकांनीच मला पुढचा पत्ता दिला, जोगेश्वरीच्या चाचांचा. मूळचे रत्नागिरीकडचे, आयुष्यभर टॅक्सी चालवलेली. स्वतःच्या दोन टॅक्स्यांची मुदत संपली तेव्हा त्यांनी त्या भंगारात घालण्याआधी, नियमाने कागद जमा करून, उपयोगाचं सामान स्वतःच्या हाताने सोडवून घेतलं.

"काय गो बाय, बापाची गाडी काय?"

"नाही चाचा, आईची."

"आईची?" चाचा क्षणभर थांबले. "मग चांगली ठेवलेली असेल."

चाचांच्या गॅलरीत दोन दारं भिंतीला टेकवून उभी होती, वर पिवळं, खाली काळं. बंपर होते, हॉर्न होते, छतावरचा कॅरिअर होता. ज्यावर कधीकाळी गावाला जाणाऱ्या माणसांच्या ट्रंका आणि वळकट्या लादल्या जायच्या तो. एक मीटरही होता, पुसून चकचकीत ठेवलेला. मी नुसतं बोट लावलं तर चाचा म्हणाले, "तो विकायचा नाय."

मी चाचांकडून दरवाजाची काच वरखाली करणारी यंत्रणा घेतली, पुढची. घेताना मला उगाचच कसंतरी झालं. काकांकडचा माल कोरा होता, कधी कुठल्या गाडीला न लागलेला. हा मात्र एका चालत्या गाडीच्या अंगावरून उतरलेला. आपली गाडी चालावी म्हणून कुठलीतरी दुसरी गाडी मोडलेली असते. चाचांना मी तसं म्हटलं, तर त्यांनी फक्त विचारलं, "तुझी आई काच हाताने फिरवते ना? मग झालं."

या सगळ्यांत वयाने लहान म्हणजे कोल्हापूरचा एक मुलगा. उद्यमनगरात फाउंड्र्या आणि लेथ यांची काही कमी नाही. हा दिवसा एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो आणि रात्री जुन्या गाड्यांचे न मिळणारे बारीकसारीक भाग बनवतो. काचेच्या हँडलचे गोळे, बीडिंगचे कोपरे, दाराखालची रबरं. मूळ नमुना मोजतो, कॉम्प्युटरवर काढतो, थ्री-डी प्रिंटरवर साचा करतो आणि मग ओततो. मला पहिल्याच फोनवर म्हणाला, "ताई, लोड घेऊ नका. नमुना पाठवा, आठ दिवसांत देतो." आठाचे अठरा झाले, पण माल असा आला की मूळ कुठला आणि नवा कुठला ते मलाच कळेना.

पण त्याने स्वतःच एक खूण करून ठेवली होती. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, एक बारीक ठिपका. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "उद्या कोणी माझा पार्ट ओरिजिनल म्हणून दुप्पट भावाला खपवायला नको, ताई." याला म्हणतात सचोटी! नाहीतर एका परप्रांतातल्या विक्रेत्याचा किस्सा ऐका. फोटो एकदम झकास पाठवला आणि पूर्ण पैसे आगाऊ मागितले. मी म्हटलं, त्या पार्टच्या शेजारी आजचा पेपर ठेवून फोटो काढा आणि पाठवा. त्यानंतर त्याचा फोन आजतागायत बिझी आहे.

खरेदीला निघताना

तुम्हालाही हा नाद लागणार असेल (किंवा घरात कुणाला लागलाच असेल!) तर चार गोष्टी गाठीला बांधा :

● जुना पार्ट कधीही फेकू नका. तोच तुमचा नमुना, तोच तुमचं माप. सोबत गाडीचं साल, इंजिन नंबर आणि पार्टचे चारही बाजूंनी काढलेले फोटो ठेवा.

● खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पत्र्याच्या भागाला ते चिकटलं नाही तर खाली लांबी भरलेली आहे असं समजा. दाराची हँडलं बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. त्यांच्यावर फोड आले असतील तर नवं क्रोम चढवणं महाकठीण.

● कार्बोरेटर घेताना आतला दांडा बोटाने हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर तिथून हवा आत जाणार आणि गाडी सिग्नलला थरथरणार. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचंही तसंच.

● शोभेच्या वस्तू जुन्या घ्या, जिवाशी खेळणाऱ्या वस्तू नव्या. ब्रेकची रबरं, पाइप, लायनर यांत जुनेपणाचं कौतुक नको. जुन्या लायनरच्या भुकटीवर फुंकर तर अजिबात मारू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

● नंबर घासलेलं इंजिन किंवा चॅसीची सुटी प्लेट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तो नाद नव्हे, तो गुन्हा आहे. बाकी मालासाठी छापील बिल मिळणार नाही, पण साध्या कागदावर नाव, तारीख, पार्ट आणि रक्कम लिहून मागा. प्रामाणिक माणूस कधी नाही म्हणत नाही.

आणि हो, खर्चाचा हिशेब आधी करा. गाडीला 'व्हिंटेज' म्हणायची घाई नको. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार, आणि मग ती रोजच्या वापराला चालवता येत नाही. आमच्या गाडीला ५० व्हायला २०३२ उजाडेल. तोवर ती कायद्याने एक साधी, जुनी गाडी. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फीसुद्धा पाचाची दहा हजार झालीय. आमची पुढची तारीख २०२७ ची. त्या दिवशी आरटीओचा माणूस ब्रेक बघणार, दिवे बघणार. तोपर्यंत डावी काच मिळायला हवी!

पहिला गिअर

गेल्या डिसेंबरात गाडी गॅरेजमधून घरी आली. मेकॅनिकने ब्रेक तीनदा तपासले होते, मी चौथ्यांदा तपासायला लावले. रविवारी सकाळी साडेसहाला, रस्ते रिकामे असताना, आई खाली आली. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. गाडी चालवताना ती कायम हेच घालायची.

मी म्हटलं, "आधी मी थोडी पुढे काढून देऊ का?"

"तुला वरचा गिअर येतो?"

मला येत नाही. मी शेजारी बसले.

आईने चोक ओढला, चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. तिचा डावा हात आपोआप स्टिअरिंगच्या दांड्याकडे गेला. पार्किंगमधून बाहेर काढण्याआधी ती फक्त दहा फूट पुढे गेली आणि तिने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा दहा फूट, पुन्हा ब्रेक. असं चार वेळा. मग म्हणाली, "ठीक आहे," आणि गेटबाहेर पडली. तिच्या शाळेपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. ती काही बोलली नाही, मीही नाही. फक्त चांदणी चौकाकडचा उतार लागला तेव्हा मला डोंबिवलीचे काका आणि त्यांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. आईने पेडल दाबलं. गाडी हळू झाली. हुश्श!

त्याच आठवड्यात काकांना फोन केला, गाडी चालू झाल्याचं सांगायला. ते खूश झाले, पण त्यांच्याकडे वेगळीच बातमी होती. मुलीकडे जायचं ठरलं होतं, कॅनडाला. घर विकायला काढलं होतं. आणि माळा?

"एकजण आला होता," काका म्हणाले. "किलोवर मागत होता. दुसऱ्याला सगळा माल एकदम हवाय. तो चारपटीने विकणार, तेही न उघडता, डबाबंद. तुमच्या आईच्या सिलिंडरसारखा."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर तो सगळा माल विकत घेण्याएवढे पैसे माझ्याकडे नव्हते आणि ठेवायला जागाही नव्हती. पण काकांची ती वही होती ना! पार्ट कुणाला दिला त्याची नावं आणि नंबर तिच्यात होते. एका शनिवारी मी डोंबिवलीला बसून एकेक नंबर फिरवला. काही बंद होते. एका घरी सांगितलं, "ते गेले." पण ज्यांनी उचलला त्यांच्यातले सहाजण तयार झाले : नाशिक, सातारा, ठाणे, मडगाव, आणि दोघे पुण्याचेच. ठरलं असं की प्रत्येकाने एकेका विभागाचे डबे न्यायचे. एकाकडे इलेक्ट्रिक, एकाकडे सस्पेन्शन, एकाकडे काचा आणि बीडिंग. काकांनी ज्या भावाला घेतलं त्यात थोडी भर घालून पैसे द्यायचे, आणि पुढे विकताना फार फायदा काढायचा नाही. लेखी करार वगैरे काही नाही. काकांनी फक्त एक अट घातली, रबराचा कुठलाही भाग उघडून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही.

ही व्यवस्था किती दिवस टिकेल? मला माहीत नाही. सहा माणसं, सहा माळे, आणि माळा म्हटला की घरातल्यांशी भांडण आलंच. पण किलोच्या काट्यावर जाण्यापेक्षा बरं.

आमच्या वाट्याला ब्रेकचे डबे आले. ते माझ्या खोलीतल्या कपाटावर आहेत, चिकटपट्ट्यांसकट. माझा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला गेला आणि आता महिन्यातून दोन-तीन फोन येतात. मी ऑफिसात असते तेव्हा ते घरच्या फोनवर येतात.

परवा संध्याकाळी घरी आले तर आई फोनवर बोलत होती. समोर वही उघडी, हातात पेन्सिल, नाकावर चष्मा. आवाज तोच, वर्गात मागच्या बाकावर पोचणारा.

"कोणत्या सालची म्हणालात? ... बरं. गिअर वर की खाली? ... ते सगळं ठीक आहे हो, पैशांचं नंतर बघू. आधी जुना पार्ट घेऊन या."